हेल्पडेस्कवाल्याची फाईल: व्हिसा सल्लागारांना खुलं पत्र

प्रति,
कुशल स्थलांतराच्या व्हिसाचे सल्लागार आणि त्यांच्या संस्था

विषय: आयटी सपोर्टमधल्या उमेदवारांना दिली जाणारी अर्धवट माहिती

स.न.वि.वि.

तुमच्यापैकी एका संस्थेची जाहिरात नुकतीच आमच्या शिफ्टच्या ग्रुपवर फिरत होती. ‘आयटी सपोर्टमध्ये आहात? कुटुंबासह ब्रिटनला चला!’ खाली फोन नंबर आणि ‘मोजक्याच जागा’ अशी घाई. आमच्यातल्या काहींनी लगेच ‘इंटरेस्टेड’ लिहिलं. त्यातल्या एकाच्या घरी तान्हं बाळ आहे.

ब्रिटनने कुशल कामगारांच्या व्हिसाचा नियम २२ जुलै २०२५ रोजी बदलला. त्या दिवसापासून स्किल्ड वर्कर व्हिसासाठी नोकरी पदवीच्या पातळीची लागते, आणि आयटी युजर सपोर्ट टेक्निशियनचं, म्हणजे आमचं हेल्पडेस्कचं, काम तिथे त्याखालच्या पातळीवर मोजलं जातं. ते सध्या ‘टेम्पररी शॉर्टेज लिस्ट’ या तात्पुरत्या यादीच्या आधाराने तगून आहे. त्या यादीला मुदत २०२६ च्या अखेरपर्यंतची. आणि या यादीवरच्या अशा कामासाठी नव्याने जाणाऱ्याला, एखाद-दुसरा अपवाद सोडला तर, जोडीदार किंवा मुलं सोबत नेता येत नाहीत. शिवाय पगाराची सर्वसाधारण किमान मर्यादा वर्षाला ४१,७०० पौंड झाली आहे. पहिल्या फळीच्या हेल्पडेस्कला एवढा पगार देणारा मालक विरळाच. ८ जानेवारी २०२६ पासून इंग्रजीची पातळीही बी-१ वरून बी-२ वर गेली. यातली एकही ओळ त्या जाहिरातीत नव्हती. ‘कुटुंबासह’ मात्र ठळक अक्षरात होतं.

अशी जाहिरात करणारी ती एकच संस्था असती तर मी तिला खाजगीत कळवलं असतं. तशा अनेक आहेत, म्हणून सगळ्यांना आणि उघड लिहितोय.

माझा यात काय संबंध, तेही सांगतो. मी सर्व्हिस डेस्कवर काम करतो. लॉक झालेलं अकाउंट, न चालणारा व्हीपीएन, न उघडणारं आउटलुक, रुसलेला प्रिंटर, अशा तिकिटांपासून, म्हणजे नोंदवलेल्या तक्रारींपासून, सुरुवात केली. आता एल-टूला, दुसऱ्या फळीला, आहे, म्हणजे एल-वनला न सुटलेलं माझ्याकडे येतं. परदेशी जायचं मीही ठरवलं आणि तुमच्यातल्याच एका संस्थेकडे फी भरली. तिने फाईल तयार केली तेव्हा मी त्यात ‘सिस्टिम्स ॲनालिस्ट’ झालो होतो. ग्राहकांच्या गरजांचं विश्लेषण करतो, नव्या प्रणालींचे आराखडे बनवतो, असं माझ्या नावाने छान लिहिलेलं होतं. मी सही केली नाही. फी परत मिळाली नाही. तेव्हापासून नियम मूळ जागी जाऊन स्वतः वाचतो, आणि शिफ्टमधले सहकारी आपापले कागद घेऊन माझ्याकडे येतात. त्या कागदांत जे पुन्हा पुन्हा दिसतं, तेच इथे मांडतोय.

पहिली तक्रार: आम्ही नेमके कुठे बसतो, हे तुम्ही आम्हाला सांगत नाही.

‘आयटीला बाहेर प्रचंड मागणी आहे’ हे तुमचं ठरलेलं पहिलं वाक्य. पण व्हिसा देणारा कुठलाही देश ‘आयटी’ नावाचा एकच व्यवसाय मानत नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या वर्गीकरणात सॉफ्टवेअर आणि नेटवर्कचे तज्ज्ञ २५ या गटात येतात, आणि युजर सपोर्ट टेक्निशियन ३५१२ या क्रमांकावर, तंत्रज्ञांमध्ये. हा फरक तुम्हाला कारकुनी वाटत असेल तर जर्मनीचं उदाहरण घ्या. नोव्हेंबर २०२३ मध्ये जर्मनीने पदवी नसलेल्या आयटी तज्ज्ञांना ब्लू कार्ड, म्हणजे कुशल कामगारांचा वास्तव्य-परवाना, खुलं केलं. अट अशी की गेल्या सात वर्षांत किमान तीन वर्षांचा, पदवीच्या तोडीचा अनुभव हवा. तुम्ही त्याचे केवढे व्हिडिओ काढलेत! पण ही सवलत त्या वर्गीकरणातल्या १३३ (आयटी सेवांचे व्यवस्थापक) आणि २५ या दोनच गटांसाठी आहे. हेल्पडेस्क त्यात नाही. आमच्यासारख्याला विचार करता येईल असा वेगळा मार्ग जर्मनीत आहे: गेल्या पाच वर्षांत दोन वर्षांचा आयटीचा अनुभव, पदवीची सक्ती नाही, जर्मन भाषेचीही अट नाही. मात्र हातात नोकरीचा देकार हवा आणि पगार ठरलेल्या मर्यादेच्या वर हवा. २०२५ साली ती मर्यादा वर्षाला ४३,४७० युरो होती. या मार्गाबद्दल तुमच्याकडून फारसं ऐकायला मिळत नाही. नोकरी उमेदवारानेच शोधायची असल्यामुळे त्यात तुम्हाला विकण्यासारखं फार उरत नाही, हे कारण असावं असा माझा संशय आहे.

ऑस्ट्रेलियाच्या यादीत आमचा नेहमीचा क्रमांक ३१३११२, आयसीटी कस्टमर सपोर्ट ऑफिसर. तो अल्पकालीन यादीतला व्यवसाय असल्यामुळे स्वतंत्र, म्हणजे नामांकनाशिवायच्या, १८९ क्रमांकाच्या व्हिसासाठी चालत नाही. राहतात १९० आणि ४९१, आणि दोन्हींना तिथल्या राज्याचं किंवा प्रदेशाचं नामांकन लागतं. निवडीच्या गुणतक्त्यात नामांकनाचे १९० ला पाच गुण मिळतात, ४९१ ला पंधरा. पण ४९१ हा पाच वर्षांचा तात्पुरता व्हिसा आहे. सिडनी, मेलबर्न आणि ब्रिस्बेन सोडून ठरवून दिलेल्या भागात राहायचं, आणि तीन वर्षांनी १९१ मधून कायमच्या वास्तव्यासाठी अर्ज करायचा. कुठलं राज्य कोणत्या वर्षी हेल्पडेस्कवाल्यांना घेईल हे ते राज्य ठरवतं, आणि दरवर्षी नव्याने ठरवतं. तुमच्या कोटेशनवर मात्र ‘१८९/१९०/४९१’ असं एका दमात छापलेलं असतं.

कॅनडाच्या बाबतीत तुम्ही निम्मं खरं सांगता. युजर सपोर्ट टेक्निशियनचा नॉक कोड (कॅनडाच्या व्यवसाय-वर्गीकरणातला क्रमांक) २२२२१, पातळी टीअर २, आणि एक्स्प्रेस एंट्रीला, म्हणजे गुणांवर चालणाऱ्या कायमच्या वास्तव्याच्या निवडीला, तो चालतो, हे बरोबर. पण २०२३ पासून कॅनडा ठराविक व्यवसायांसाठी आमंत्रणांच्या वेगळ्या फेऱ्या काढतो, आणि त्यातल्या ‘स्टेम’ (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) गटात आम्ही सुरुवातीलाही नव्हतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये ती यादी बदलली तेव्हाही नव्हतो. (त्या यादीत विमा एजंट मात्र आले. हसावं की रडावं ते कळेना.) तरीही ‘तुम्ही टेक्निकल, म्हणजे स्टेममध्ये बसता’ असं आमच्या एका सहकाऱ्याला तोंडी सांगितलं गेलं. कागदावर अर्थातच काही नाही.

दुसरी तक्रार सगळ्यात गंभीर आहे, आणि तिच्याबद्दल मी सविस्तर लिहिणार आहे. तुम्ही आमचं काम बदलून लिहिता.

पदनामाला कुणी विचारत नाही, रोज काय काम केलं ते बघतात, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त चांगलं माहीत आहे. ऑस्ट्रेलियाच्या व्हिसासाठी आयटीवाल्यांचं कौशल्य तपासणारी ऑस्ट्रेलियन कॉम्प्युटर सोसायटी अनुभवाच्या पत्रातली कामं वाचते. कॅनडाचा अधिकारी नॉक कोडखालचं मुख्य वर्णन आणि प्रमुख कामं तुमच्या पत्राशी ताडून पाहतो. म्हणून तुम्ही काय करता? दुसऱ्या कोडखालची कामं उचलता, दोन-चार शब्द बदलता आणि ‘कंपनीच्या लेटरहेडवर आणून द्या’ म्हणता. एचआरने नकार दिला की जुन्या टीम लीडचं प्रतिज्ञापत्र. तोही बिचारा ओळखीखातर सही करतो.

मग तिथला अधिकारी कंपनीला फोन लावतो, किंवा दोन पत्रांत एकच परिच्छेद अक्षरशः सारखा आहे हे त्याच्या लक्षात येतं. पुढे काय होतं हे तुमच्या माहितीपत्रकात कधी नसतं, म्हणून इथे लिहितो. खोटी कागदपत्रं किंवा दिशाभूल करणारी माहिती सापडली तर ऑस्ट्रेलियात व्हिसा नाकारून तीन वर्षांपर्यंत पुढचे अर्ज अडतात. खोटेपणा ओळखीबाबत असेल तर दहा वर्षं. कॅनडात चुकीच्या माहितीसाठी पाच वर्षांची बंदी आहे. ब्रिटनमध्ये अर्जात फसवणूक ठरली तर दहा वर्षं. ही बंदी अर्जदाराच्या नावावर लागते. तुमच्या संस्थेच्या नावावर लागत नाही. तुम्ही दुसऱ्या दिवशी नवी फाईल उघडता. त्याला मात्र पुढच्या प्रत्येक देशाच्या अर्जात ‘याआधी कधी व्हिसा नाकारला गेला आहे का?’ या प्रश्नापुढे ‘हो’ लिहावं लागतं.

यातली खरी चीड येण्याजोगी बाब अशी की कित्येकांना खोटं लिहिण्याची गरजच नसते. सपोर्टमधली माणसं स्वतःचं काम कमी करून सांगतात. ‘काही नाही हो, तिकिटं बघतो’ म्हणणारा एखादा रात्रीच्या शिफ्टला एकटाच सर्व्हरवर पॅच चढवत असतो, ॲक्टिव्ह डिरेक्टरीत ग्रुप पॉलिसी बदलत असतो, बॅकअप फसला तर तो पुन्हा लावत असतो, रोजची कटकट वाचावी म्हणून पॉवरशेलच्या स्क्रिप्ट लिहीत असतो. त्याचं काम ऑस्ट्रेलियाच्या हिशेबाने सिस्टिम्स ॲडमिनिस्ट्रेटर किंवा आयसीटी सपोर्ट इंजिनिअरच्या जवळ जाणारं असू शकतं, आणि ते खऱ्या कागदांवर सिद्ध करता येतं. त्यासाठी तुम्ही त्याला विचारायला हवं: ॲडमिनचे अधिकार तुझ्याकडे आहेत का? तिकीट तू स्वतः बंद करतोस की पुढे पाठवतोस? चेंज रिक्वेस्ट तू टाकतोस की दुसऱ्याने टाकलेली नुसती राबवतोस? मागच्या सहा महिन्यांतली पन्नास तिकिटं समोर ठेवली तरी चित्र स्पष्ट होतं. गोपनीय माहिती झाकून अशी यादी काढणं आमच्यासाठी अर्ध्या तासाचं काम आहे. आजवर तुमच्यापैकी कुणी ती मागितल्याचं माझ्या ऐकिवात नाही. तुमच्या पहिल्या भेटीत पदवी, वय, इंग्रजीचा स्कोअर आणि ‘टोटल एक्स्पीरियन्स’ एवढंच विचारतात. नाडी न बघता औषध लिहून देणाऱ्या वैद्याकडे कुणी दुसऱ्यांदा जात नाही. तुमच्याकडे मात्र एकदाच यायचं असतं, आणि त्यातच तुमचं फावतं.

आता गुणांबद्दल. ‘तुमचे पासष्ट होतात, काम झालं समजा.’ ऑस्ट्रेलियात ६५ गुण म्हणजे ‘एक्स्प्रेशन ऑफ इंटरेस्ट’ हा इच्छा नोंदवणारा अर्ज भरायची किमान पात्रता. आमंत्रण त्यावर येईलच असं नाही. कॅनडाच्या ६७ चं तसंच. तो ‘फेडरल स्किल्ड वर्कर’ या योजनेच्या पात्रतेचा उंबरठा. स्पर्धा होते ती १२०० पैकीच्या दुसऱ्याच गुणांवर, आणि गेल्या काही वर्षांत कॅनडात आधीच काम करत असलेल्यांच्या फेऱ्यासुद्धा पाचशेच्या वर थांबल्या आहेत. हे दोन आकडे तुमच्या टेलिकॉलरना वेगळे माहीत नसतात, की माहीत असून एकच सांगतात, ते तुम्हीच शोधा.

त्यातही अनुभवाचे गुण तुम्ही रुजू झाल्याच्या तारखेपासून मोजता. ऑस्ट्रेलियन कॉम्प्युटर सोसायटी तसं मोजत नाही. पदवी आयटीची आणि कामाशी जुळणारी असली तरी साधारण पहिली दोन वर्षं वजा होतात. पदवीचा विषय कामापासून जितका दूर, तितकी वजाबाकी मोठी. सपोर्टमध्ये वाणिज्य किंवा विज्ञान शाखेतून आलेले भरपूर आहेत. त्यांची आठ वर्षं तुमच्या तक्त्यात आठच असतात. निकाल हातात आल्यावर कळतं की त्यातली बहुतेक पात्रता सिद्ध करण्यातच खर्ची पडली आणि गुणांसाठी फारसं काही उरलं नाही.

आणि या सगळ्याला मुदत असते. ऑस्ट्रेलियन कॉम्प्युटर सोसायटीचा निकाल दोन वर्षं चालतो. इंग्रजीच्या परीक्षेचा निकाल कॅनडाला दोन वर्षं चालतो, ऑस्ट्रेलियाला तीन. तेहतिसावं लागलं की ऑस्ट्रेलियाच्या वयाच्या गुणांतले पाच कमी होतात, चाळिशीला आणखी दहा. तुम्ही फी मिळण्याच्या सोयीने सगळे कागद सुरुवातीलाच काढून घेता, मग ‘थांबा, राज्याची यादी उघडेल’ म्हणता. यादी उघडेपर्यंत परीक्षेची मुदत संपते. परत परीक्षा, परत फी.

पासवर्डचं तर बोलायलाच नको. आम्ही दिवसभर लोकांना सांगतो की पासवर्ड कुणाला देऊ नका. आणि आमच्याच व्हिसा अर्जाचा पासवर्ड तुमच्याकडे असतो, नोंदवलेला ईमेल पत्ता तुमचा असतो. सरकारकडून खुलासा मागणारं पत्र आलं, उत्तराची मुदत संपली, तरी अर्जदाराला पत्ता नाही, असं माझ्यासमोर घडलं आहे. त्यात अर्ज मात्र असा भरलेला की जणू अर्जदाराने एकट्याने भरला. कॅनडाला प्रतिनिधी असेल तर आयएमएम ५४७६ हा फॉर्म द्यावा लागतो, ऑस्ट्रेलियाला ९५६. पैसे घेऊन कॅनडाचं काम करणारा परवानाधारक नसेल तर तो फॉर्मवर स्वतःचं नाव घालणार कसा? म्हणून तुम्ही फाईलमध्ये दिसतच नाही. न्यूझीलंडचा २००७ चा कायदा तर सांगतो की त्या देशाच्या स्थलांतराचा सल्ला जगात कुठेही बसून दिला तरी परवाना लागतो. वकिलांसारखे थोडे अपवाद वगळता. तुमच्या किती कार्यालयांच्या भिंतीवर तो परवाना आहे?

‘जॉब ऑफरसह पॅकेज’ विकणाऱ्यांबद्दल थोडक्यात. कॅनडाने २५ मार्च २०२५ पासून एक्स्प्रेस एंट्रीत नोकरीच्या देकाराचे गुणच काढून टाकले, आणि देकारांची खरेदी-विक्री थांबावी हे त्याचं एक कारण उघडपणे दिलं. ब्रिटनमध्ये परदेशी कामगार घेण्यासाठीचं ‘इमिग्रेशन स्किल्स चार्ज’ हे शुल्क मालकाने भरायचं असतं. ते कामगाराकडून वसूल करता येत नाही. तेव्हा ‘स्पॉन्सरशिपचा खर्च’ म्हणून तुम्ही जे घेता, ते कशाचे पैसे आहेत ते पावतीवर लिहून द्या.

तुमच्यात सचोटीने काम करणारेही आहेत. आमच्या एका सहकारिणीला अशाच एका सल्लागार बाईंनी सांगितलं: ‘आत्ता अर्ज करू नकोस. नेटवर्कच्या टीममध्ये बदली घे, दोन वर्षं ते काम कर, मग ये.’ फक्त भेटीची फी घेतली. ती आज फायरवॉल आणि राउटिंग बघते. तिचा व्हिसा होईल की नाही हे मला माहीत नाही, पण तिला दिलेला सल्ला खरा होता.

मागण्या साध्या आहेत. आयटी सपोर्टसाठीच्या ब्रिटनच्या जाहिरातींतून ‘कुटुंबासह’ हा दावा आजच काढा, आणि तात्पुरत्या यादीची मुदत त्याच आकाराच्या अक्षरात छापा.

फी घेण्याआधी प्रत्येक उमेदवाराला एका पानावर लिहून द्या: त्याच्या सध्याच्या कामाला कोणता कोड लागू होतो, त्या कोडवर कोणता व्हिसा मिळू शकतो आणि कोणता मिळू शकत नाही, अनुभवातली किती वर्षं वजा होण्याची शक्यता आहे, कुटुंब नेता येतं का. त्याखाली तुमची सही आणि परवाना क्रमांक. परवाना नसेल तर ‘परवाना नाही’ असं लिहा. नियामक संस्थांच्या याद्या सगळ्यांना पाहता येतात, तेव्हा आम्ही ताडून बघू.

अनुभवाच्या पत्रातली कामं उमेदवाराच्या तोंडून आणि त्याच्या तिकिटांवरून लिहा, दुसऱ्या कोडच्या पानावरून नको. एचआर आणि त्याचा वरिष्ठ ज्यावर न कचरता सही करतील तेवढंच लिहा.

अर्जाचं खातं उमेदवाराच्या ईमेलवर उघडा. पासवर्ड त्याच्याकडे राहू द्या. तुम्ही प्रतिनिधी असाल तर प्रतिनिधी म्हणून अर्जात दिसा.

फी टप्प्यांत घ्या, आणि झालेल्या कामावर घ्या. कौशल्य मूल्यमापनाचा निकाल येण्याआधी राज्याच्या नामांकनाची फी मागू नका. चुकीचा कोड तुम्ही सुचवला असेल तर त्या टप्प्याची फी परत करा.

शेवटची मागणी सगळ्यात तातडीची. बदलून लिहिलेल्या कामांवर ज्यांच्या फायली आधीच गेल्या आहेत आणि निर्णय व्हायचा आहे, त्यांना या महिन्याभरात लेखी कळवा की त्यांच्या पत्रात नेमकं काय लिहिलं आहे. बऱ्याच जणांनी ते पत्र नीट वाचलेलंही नाही. मुलाखतीचा किंवा पडताळणीचा फोन येण्याआधी त्यांना स्वतःच्या नावाने काय सांगितलं गेलंय ते कळलं पाहिजे, म्हणजे दुरुस्ती कळवायची की अर्ज मागे घ्यायचा हे ते एखाद्या परवानाधारक वकिलाला विचारून ठरवू शकतील. त्या सल्ल्याचा खर्च तुम्ही द्या.

कळावे,

आपला,
सर्व्हिस डेस्कवरचा एक एल-टू कर्मचारी